डोंगरीला फळ धरलं

माझ्या सासूबाई चिक्कू आहेत, असं मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. पुरावा म्हणजे मागच्या अंगणातला दिवा. एरवी तो बिनबोभाट जळायचा, पण डोंगरीला कळ्या आल्या की बंद. बहर ओसरेपर्यंत तिन्हीसांजेनंतर त्या बटणाला हात लावायची कोणाची छाती नव्हती. मग वाळलेले कपडे चाचपडत काढायचे, बादलीला ठेचकाळायचं आणि आतून सासूबाईंचा शांत आवाज ऐकायचा, "जरा बघून चालावं, सूनबाई." अंधारात काय बघायचं, कपाळ?

डोंगरी म्हणजे आमच्या अंगणातलं, भिंतीलगतचं झुडूप. झुडूप म्हणायचं आपलं. वाढून माझ्या डोक्याच्या वर गेलंय. सासूबाईंचं माहेर डोंगरात, वर्षभर ओल्या आणि हिरव्यागार असणाऱ्या जंगलाच्या कडेला. बाकीच्या मुली लग्न होऊन येताना भांडीकुंडी आणतात, यांनी एक रोप आणलं. शास्त्रात त्याला काहीतरी लांबलचक नाव असेल, आम्ही आपलं डोंगरातून आलं म्हणून डोंगरी म्हणतो. पानं जाड आणि तेल लावल्यासारखी चकचकीत. फुलं पांढरी, दिसायला बेताचीच, पण संध्याकाळी उघडली की असा वास सुटतो की मागच्या गल्लीतून जाणारा माणूस आपण कशाला निघालो होतो तेच विसरतो.

फळ मात्र विषारी. हे आम्ही ऐकून होतो, पाहिलं कधीच नव्हतं, कारण डोंगरीला फळ धरायचंच नाही. माझे यजमान त्या अंगणात लहानाचे मोठे झाले, त्यांचे केस पिकले, पण फळ काही आलं नाही. "धरत नाही तेच बरं," ते म्हणायचे. सासूबाई त्यावर गप्प. तशाही त्या कमीच बोलतात. घरात बोलण्याचं खातं माझ्याकडे आहे.

घराच्या पुढच्या भागात आमचा छापखाना. यजमान मशीन चालवतात. मी मजकूर लावते, प्रुफं तपासते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. सासूबाई आतल्या खोलीत बसून छापलेल्या कागदांच्या घड्या घालतात, आणि त्यांच्या घडीची कड इतकी सरळ असते की बघत राहावं. यजमानांचं धंद्यातलं एक तत्त्वज्ञान आहे. ते म्हणतात, हातात आलेलं हँडबिल लोक दोनच कारणांनी वाचतात. एक, वर 'फुकट' लिहिलेलं असेल तर. दुसरं, 'धोका' लिहिलेलं असेल तर. बाकी सगळी रद्दी. मी या तत्त्वज्ञानाला नेहमी हसायचे. गेल्या वर्षी ते आमच्याच अंगावर आलं.

बहर संपून बरेच दिवस झाले होते, अंगणातला दिवा परत सुरू झाला होता. एका सकाळी मी दोरीवर चादर टाकत होते आणि पानांच्या आड काहीतरी शेंदरी दिसलं. मला वाटलं, वाऱ्याने कुणाचे तरी कपड्यांचे चिमटे उडून अडकले असतील. हात घातला तर ते देठाला घट्ट. बोटभर लांब, मधे फुगीर, एकाच देठाला चिकटलेली दोन फळं, जुळ्या भावंडांसारखी. मी हात कपड्याला पुसला. मग परत पुसला. मग आत जाऊन साबणाने धुतला.

"आई, जरा बाहेर या," मी हाक मारली. "घाबरू नका, पण डोंगरीला फळ धरलंय."

सासूबाई काठी न घेता आल्या. काठीशिवाय ही बाई एरवी मोरीतसुद्धा जात नाही. त्यांनी फळाकडे पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं, आणि हसायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना फक्त ओठांच्या कोपऱ्यातून हसताना पाहिलं होतं. हे तसलं हसू नव्हतं. त्या पोट धरून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मी मनात म्हटलं, झालं, विष नुसतं बघूनच चढलं.

"मिरची आली," त्या म्हणाल्या.

"कोण आलं?"

"मिरची गं. इथेच आहे कुठेतरी. आसपासच."

मी बादली पालथी घातली आणि त्यांना तिच्यावर बसवलं. तिथे बसून त्या जितकं बोलल्या तितकं एका वर्षात बोलत नाहीत. मिरची ही त्यांची लहानपणची मैत्रीण. ओढ्याच्या एका काठाला यांचं घर, दुसऱ्या काठाला तिचं. जीभ तिखट म्हणून यांनी तिचं नाव मिरची ठेवलं, आणि तिने यांचं नाव ठेवलं गोगलगाय. गोगलगाय नि पोटात पाय. हे नाव इतकी वर्षं या घरात नांदून मला सुचू नये, याची मला खरंच लाज वाटली.

"डोंगरीला एकटीला फळ धरत नाही," सासूबाई सांगत होत्या. "आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. दोन वेगळी झाडं लागतात. संध्याकाळी पाखरं येतात, पतंग, ते याचा पराग तिकडे नि त्याचा इकडे करतात. ती जमवतात ही सोयरीक. म्हणून आम्ही लग्नाआधी दोन रोपं काढून ठेवली. तिने तिच्या काठाचं, मी माझ्या काठाचं. ठरलं होतं की एकाच गावातले नवरे करायचे, शेजारी शेजारी घरं घ्यायची आणि मधल्या भिंतीच्या दोन बाजूंना दोघींची झाडं लावायची."

"मग?"

"रोपं जमली. नवरे नाही जमले."

मिरचीच्या नवऱ्याची बदलीची नोकरी होती. थोडी पत्रं आली-गेली. मग तिचा पत्ता बदलला, मग आमचा बदलला, आणि मग दोघींना पोरंबाळं झाली. सासूबाईंनी हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःच्या मुलालाही नाही.

"दुसऱ्या कोणाचं झाड असेल, आई," मी म्हटलं. "कोणीतरी कुठूनतरी आणलं असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. सासूबाईंना एखादी गोष्ट अजिबात पटली नसली की त्या 'असेल' म्हणतात. मग म्हणाल्या, "मला तिला बघायचंय, सूनबाई. तिचं वय झालं, माझंही झालं. नुसतं फळ बघून मी काय करू?"

या बाईने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा स्वतः उठून घेतात. मला एकदम भरून आलं आणि मी ठरवलं की गल्ल्या पालथ्या घालीन, पण मिरची हुडकून काढीन.

सार्वजनिक बागेच्या अधिकारी बाई आमच्याकडून झाडांच्या पाट्या छापून घेतात. त्या येऊन फळ बघून गेल्या आणि म्हणाल्या, तुमच्या आई बोलतात ते खरं आहे. हे झाड बाजारात मिळत नाही, बागेतही नाही. आणि पतंग काही गावंच्या गावं ओलांडून येत नाही, तेव्हा दुसरं झाड चार-दोन गल्ल्यांतच असणार. जाताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. लहान मुलांना फळापासून लांब ठेवा, आणि बी मला ठेवा.

मी कंबर कसून निघाले. पण फुलांचे दिवस सरलेले, त्यामुळे नाकाचा उपयोग नाही. भिंतींवरून डोकावले तर लोक 'कोण हवंय' म्हणायचे, आणि 'मिरची' असं उत्तर दिलं की दारं लावून घ्यायचे. वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्या खालून दिसत नाहीत. एका घरचं कुत्रं मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला आलं. शेवटी मी म्हटलं, आपण छापखानेवाले, आपण कशाला वणवण फिरायचं? हँडबिल काढू.

सासूबाईंनी मजकूर सांगितला. "ज्यांच्या घरी चित्रातल्यासारखं झाड आहे, त्यांनी कृपया छापखान्यात येऊन भेटावं. वाट पाहत आहे." मी तो तसाच लावला, फळाचा फोटो टाकला, यजमानांच्या हातात दिला आणि एका गिऱ्हाइकाच्या पत्रिका पोचवायला गेले. परत आले तोवर गठ्ठे पेपरवाल्याकडे गेलेसुद्धा होते. मशीनवर एक कागद राहिला होता. वर तांबड्या अक्षरांत 'सावधान', त्याखाली कवटी आणि दोन हाडं, मग फळाचा फोटो, आणि मग: 'अत्यंत विषारी. हे झाड आपल्या घरात तर नाही? त्वरित छापखान्याशी संपर्क साधा.'

"अहो, हे काय केलंत?"

"तुझा मजकूर कोण वाचणार होतं?" यजमान शाईचे हात पुसत म्हणाले. "वाट पाहत आहे म्हणे. आता बघ, एक कागद रद्दीत जाणार नाही."

आणि गेला नाही हो, खरंच नाही गेला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी दारात रांग. एकाने पिशवीभर गाजरं आणली होती. एक साहेब कचेरीतलं कुंडीतलं झाड घेऊन आले. गेल्या वर्षापासून ते जराही वाढलेलं नाही, हे संशयास्पद आहे, असं त्यांचं म्हणणं. मी पान चिमटीत धरून पाहिलं तर प्लास्टिकचं. एक बाई थेट नवऱ्यालाच घेऊन आल्या. "यांनी काल शेंदरी काहीतरी खाल्लं," त्या म्हणाल्या. ती खोकल्याची गोळी निघाली. यजमान गल्ल्यावर बसून माझ्याकडे विजयी नजरेने बघत होते.

मग भिंतीपलीकडचा शिंपी आला, छाती फुगवून. "वहिनी, आमच्या गच्चीवरची काळजी मिटली. जे जे शेंदरी होतं ते सगळं मुळासकट उपटून फेकलं. म्हटलं, विषाची परीक्षा कशाला घ्या?"

यजमान हसले. मी नाही हसले, कारण आतल्या खोलीतला कागदांचा सरसर आवाज थांबला होता. सासूबाई पडदा सारून बाहेर आल्या. त्यांच्या हातात ते उरलेलं हँडबिल होतं. त्यांना आम्ही ते दाखवलंच नव्हतं.

"मी तिला बोलवायला सांगितलं होतं," त्या मुलाला म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच खालच्या पट्टीत. "ज्याच्या घरी झाड आहे, तो हे वाचून आधी इथे येईल, का आधी करवत शोधेल?"

यजमानांचे कान लाल झाले. ते त्यांच्या लहानपणापासून असेच लाल होत आले असावेत. "आई, दुसरं काढतो," ते पुटपुटले. "वर मोठ्ठं 'फुकट' टाकतो." मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते वाक्य तिथेच विरलं.

त्या दुपारी सासूबाईंनी घड्या घातल्या नाहीत. त्या मागच्या दारात बसून राहिल्या, दोन फळांकडे बघत. मिरची तिच्या झाडासकट आपल्याच हाताने घालवली, असंच त्यांच्या मनात चाललं असणार. माझं बोलण्याचं खातं त्या दिवशी बंद पडलं. यजमानांना मात्र राहवलं नाही. ते स्कूटर काढून गल्लोगल्ली निघाले आणि दारं ठोठावून हँडबिलं परत मागायला लागले. स्वतःचा छापलेला कागद दारोदार फिरून परत गोळा करणारा छापखानेवाला जगात दुसरा नसेल. काहींनी दिली, काहींनी 'आम्ही फ्रीजवर चिकटवलंय' म्हणून नाही दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीही ते त्याच मोहिमेवर होते, म्हणून दुकानात मी एकटी होते. दार ढकलून एक ठेंगणी म्हातारी आत आली. पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर पांढऱ्या केसांचा एवढासा अंबाडा, आणि मुठीत चुरगाळलेलं आमचं हँडबिल.

"मालक कुठे आहे?"

"बाहेर गेलेत."

"पळाला असेल. हे तुम्हीच छापलंत ना? कोणी सांगितलं तुम्हाला माझ्या झाडाला विषारी म्हणायला?"

माझा हात काउंटरवरच राहिला. "आजी, पण ते विषारी आहे ना?"

"आहेच. मग? फळ विषारी आहे. झाड काय कोणाच्या घरी जाऊन सांगतं, मला खा म्हणून? मी एवढीशी असल्यापासून त्याच्या खाली खेळले. मला झालं काही? माझा मुलगा बिचारा साधा माणूस. तुमचा कागद वाचला आणि शेजाऱ्याकडून करवत घेऊन आला. मी कुंडीला मिठी मारून बसले. म्हटलं, आधी मला काप. मग काय करणार? फळं तेवढी तोडली मेल्याने, एकूण एक, आणि दिली फेकून. पण झाड आज संध्याकाळी जाणार म्हणतो. माणूस बोलावलाय न्यायला. घरात पोर रांगतंय, म्हणतो. मला दिसत नाही का पोर रांगतंय ते? माझीच पणती आहे ती. पण या वयात माझं झाड कचऱ्याच्या गाडीत घालणार, आणि ते कोणामुळे, तर तुमच्या या..."

तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होता, आणि मी आत हाक मारायला वळले. तेवढ्यात मागचा पडदा हलला.

"मिरचे," सासूबाई म्हणाल्या.

"थांबा हो जरा, मी बोलतेय ना," म्हातारीने तिकडे न बघताच सांगितलं. "तर तुमच्या या कवटीमुळे, आणि कवटी तरी धड काढायची, ही तर बटाट्यासारखी..."

ती थांबली. हळूच वळली. सासूबाई दारात उभ्या होत्या, परत काठीशिवाय.

"गोगलगाय?"

"हो."

"हा छापखाना तुझा?"

"मुलाचा."

"म्हणजे हे दिवे लावणारा दिवटा तुझा."

"माझाच."

"तरीच," मिरची म्हणाली. तिचा आवाज आता चिरकायला लागला होता. "तू पण कधी एक गोष्ट सरळ सांगितली नाहीस. एवढी वर्षं कुठे होतीस गं?"

"इथेच," सासूबाई म्हणाल्या. "तूच फिरत होतीस."

दोघींनी एकमेकींची कोपरं पकडली आणि कागदांच्या गठ्ठ्यांच्या मधे तशाच उभ्या राहिल्या. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले आणि मनसोक्त रडले. 'आनंदाश्रू' हा शब्द मी किती मानपत्रांत लावला असेल, पण ते स्वतःच्या डोळ्यांतून येताना इतकं नाक गळतं हे कोणी छापत नाही.

चहा झाल्यावर मिरचीआजींनी आधी झाड पाहिलं. देठ पाहिला, पान उलटून पाहिलं, जुळ्या फळांना बोट लावलं.

"दोनच?"

"दोनच," सासूबाई म्हणाल्या.

"माझ्याकडे टोपलीभर धरली होती. पहिल्यांदाच. मी बघून जी हसले, सुनेला वाटलं मला काहीतरी झालं. मी सांगितलं तिला, गोगलगाय इथेच आहे. पण शोधू कुठे? मला इथे येऊन वर्षही नाही झालं, गल्ल्या कळत नाहीत." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुझ्या नवऱ्याला म्हणावं, कागद वाईट होता, पण पत्ता ठसठशीत होता."

आता प्रश्न होता संध्याकाळचा. यजमान घामाघूम होऊन परत आले तेव्हा त्यांनी स्कूटर उभी करायच्या आधीच मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच कागदाचे गठ्ठे वाहायची हातगाडी बाहेर काढली. आम्ही सगळे निघालो. दोन्ही म्हाताऱ्या पुढे, हातात हात, आणि इतक्या हळू चालत होत्या की मागे गाडी ढकलणाऱ्याला चारदा थांबावं लागलं.

मिरचीआजींचं घर आमच्यापासून तीन गल्ल्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, घर नीटनेटकं, आणि गॅलरी एवढीशी की अर्ध्या पिंपात लावलेल्या त्या झाडाने ती सगळी व्यापली होती. शेंडा वरच्या गॅलरीला टेकलेला. खाली फरशीवर एक गुबगुबीत बाळ रांगत होतं आणि मिळेल ते तोंडात घालत होतं. बाळाचा आजा, म्हणजे आजींचा मुलगा, कपाळावर आठ्या घेऊन दारात आला. माणूस खरंच साधा होता. मी काही म्हणायच्या आतच म्हणाला, "मला काय हौस आहे का हो तोडायची? पण या बाळाला कसं सांगू, हे खा, हे खाऊ नको?"

"तोडू नका," यजमान म्हणाले. "आमच्याकडे अंगण आहे. भिंत आहे. फाटकाला कुलूप लावतो. मी न्यायलाच आलोय." मग ओशाळून म्हणाले, "ते हँडबिल माझंच."

त्या गृहस्थाचा चेहरा असा सैलावला की मला त्याची दया आली. त्याने नेणाऱ्या माणसाला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. मग तो, यजमान आणि शेजारचे दोघे असे चौघे मिळून पिंप जिन्यावरून उतरवायला लागले. मी पुढे होऊन फांद्या सावरत होते. पहिल्या वळणावर दम खायला थांबले तेव्हा तो गृहस्थ हसला.

"खरं सांगू का, ताई, या झाडाने आम्हाला फार सोसायला लावलंय. बाबांच्या दर बदलीला हे ट्रकमधून आमच्याबरोबर. आणि बहर आला की झाडाजवळचा दिवा बंद. कुठलंही गाव असो, कुठलंही घर असो. लहानपणी मी अंधारात इतक्या ठेचा खाल्ल्यात. आम्हाला वाटायचं, आई विजेचं बिल वाचवते."

माझ्या हातातली फांदी सुटली आणि यजमानांच्या कानावर बसली.

"दिवा का बंद?" मी विचारलं. खरं तर मला तेव्हा कळलंच होतं.

खालच्या पायरीवरून मिरचीआजींनी मागे न बघता उत्तर दिलं. "पाखरू वेडं असतं. दिवा दिसला की तिकडे जातं आणि झाड विसरतं. म्हणून अंधार ठेवायचा. कोणी सांगावं, यायचं असेल एखादं."

मी खाली पाहिलं. सासूबाई रस्त्यावर हातगाडीला धरून उभ्या होत्या. इतकी वर्षं दोघींच्या गावांमधे दिवसभराचा प्रवास, कधी दोन दिवसांचा. एवढ्या लांबून पतंग येत नाही, हे डोंगरात वाढलेल्या त्या दोघींना माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माहीत होतं. तरी दर वर्षी, बहर आला की, या तिकडे दिवा मालवायच्या आणि आमच्या इकडे. एकीला दुसरीचं माहीत नाही. आणि मी बादलीला ठेचकाळून सासूबाईंना चिक्कू म्हणत होते.

"चला, उचला," यजमान म्हणाले. "माझ्या बायकोला काहीतरी झालंय. चला."

अंगणात पिंप उतरवलं तेव्हा ते कुठे ठेवायचं यावरून दोघींचं पहिलं भांडण झालं. मिरचीआजींचं म्हणणं, ठरल्याप्रमाणे भिंतीच्या त्या बाजूला. तिकडे शिंप्याचं अंगण, आणि शेंदरी रंगाची त्याने घेतलेली धास्ती सगळ्यांना ठाऊक. पण आजी म्हणाल्या, शिंप्याला मी बघते. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता मधे भिंत कशाला?" त्यावर मिरचीआजींना काही उत्तर सुचलं नाही. ही दुर्मीळ गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. पिंप आमच्या झाडाच्या शेजारी, हातभर अंतरावर ठेवलं.

जुळी फळं पिकल्यावर मी हातमोजे घालून काढली आणि बी बागेतल्या बाईंना दिलं. रोपं आलीत म्हणतात. फाटकाला कुलूप आहे आणि किल्ली यजमानांच्या कमरेला. मिरचीआजी रोज येतात, आमच्या कोणाच्याच हाताला पाण्याचा अंदाज नाही म्हणून. पाणी घालून व्हायला जितका वेळ लागावा तितका लागतो, मग त्या आत बसून घड्या घालायला लागतात, आणि संध्याकाळी त्यांचा मुलगा बाळाला कडेवर घेऊन न्यायला येतो. त्यांच्या घड्या तिरक्या येतात. सासूबाई त्या उलगडून परत घालतात.

यंदा बहर आला तेव्हा यजमानांनी अंगणासाठी एक पाटी करायला घेतली आणि दोघींना मजकूर विचारला. या खेपेला त्यांनी स्वतःहून एक अक्षर घातलं नाही, इतका माणूस सुधारला. पाटी आता फाटकावर आहे: 'फळ विषारी आहे, खाऊ नये. वास फुकट आहे, आत यावं.' धोका आणि फुकट दोन्ही एकाच पाटीवर आल्यामुळे यजमान बेहद्द खूश. आणि लोक खरंच येतात. दुकानं मिटली की शिंपी येतो, प्लास्टिकच्या झाडाचे साहेब येतात, खोकल्याच्या गोळीवाला आणि त्याची बायको येतात, आणि यजमान किल्ली घेऊन एखाद्या दरवानासारखे फाटकात उभे राहतात.

परवाची गोष्ट. अंधार पडला होता, दोन्ही झाडं फुललेली, वासाने अंगण नुसतं भरून गेलेलं. मी कपडे काढायला बाहेर आले आणि सवयीप्रमाणे बादलीला धडकले.

"जरा बघून चालावं, सूनबाई," अंधारातून एक आवाज आला.

"अगं पण अंधारात ती बघणार काय, कपाळ?" दुसरा आवाज म्हणाला.

माझ्या कानाजवळून काहीतरी मऊसं फडफडत एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे गेलं. बटण माझ्या हाताशीच होतं. मी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले.